कुंकवाच्या डबीतली अर्धी गोळी

आमचं मेडिकल सातारा जिल्ह्यात पाटणला, सासऱ्यांनी सुरू केलेलं, आता मी बघते. बाजाराचा दिवस होता, सकाळी अकराची वेळ, काउंटरला तीन-चार माणसं उभी आणि त्यात एक तिशीतला मुलगा चिठ्ठी पुढं करून म्हणाला, "ताई, आईला परत त्याच गोळ्या द्या तीन दिवसाच्या. दातातलं रक्त काय थांबंना."

चिठ्ठी दाताच्या डॉक्टरांची, चार दिवस आधीची, आणि मागं आमच्याच दुकानाचा शिक्का. म्हणजे मीच दिल्या होत्या. तीन औषधं होती, अमॉक्सिसिलिन, मेट्रोनिडाझोल आणि दुखण्यासाठी पाण्यात विरघळणारी केटोरोलॅक. दात दुखला की आपल्याकडं हे त्रिकूट इतकं ठरलेलं आहे की हात आपोआप त्या कप्प्यांकडं जातो. आणि मला त्या दिवशीचं सगळं आठवलं पण, मी त्याला विचारलं होतं की आई दारू वगैरे नाही ना घेत, कारण मेट्रोनिडाझोल दिली की दारूचं विचारायचं हे कॉलेजपासून डोक्यात बसलंय. तो हसला होता, म्हणाला आई कुठली दारू पिते ताई, माळकरी आहे ती. मी पण हसले आणि पुढचं गिऱ्हाईक घेतलं.

पण आता तो रक्त थांबत नाही म्हणाला तेव्हा पोटात कसंतरी झालं. म्हटलं दात काढलाय का? तर नाही, नुसती हिरडी सुजली होती. मग रक्त कशाचं? तो म्हणाला घासताना यायचं आधी, आता आपोआपच येतंय, आणि हातावर पण काळंनिळं झालंय, म्हशीची धार काढताना कुठंतरी लागलं असेल. मी विचारलं, "आईला आणखी कुठली गोळी चालू आहे का रोजची?"

"हाय की, हृदयाची. अर्धीच घेते."

अर्धीच. लोकांना वाटतं अर्धी म्हणजे हलकी, पण आमच्या धंद्यात जी गोळी रोज मोजून अर्धी करून घ्यायला सांगतात तिचीच जास्त भीती बाळगावी. मी त्याला म्हटलं आई कुठाय, तर बाहेर बाकावरच बसलेली. तिला आत मागच्या खोलीत घेतलं, फ्रीजशेजारी खुर्चीवर बसवलं. साठीच्या आसपासची बाई, तोंडाला पदर लावलेला आणि पदराच्या आत कापसाचा बोळा, लालभडक. पुढच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग, जुने पिवळे पडलेले नाहीत, ताजे. मी नाडी बघायला जवळ वाकले आणि एक आवाज ऐकू आला, टिक, टिक, टिक, मनगटी घड्याळासारखा, पण तिच्या हातात घड्याळ नव्हतं. तो तिच्या छातीतून येत होता.

"आक्का, झडप बदललीय तुमची?"

"व्हय बाई, अकरा वर्षं झाली. पुण्यात केलं ऑपरेशन. आता बरी हाय मी."

हेच ते. "आता बरी आहे." दाताच्या डॉक्टरांनी विचारलं होतं बीपी-शुगर आहे का, तिनं नाही सांगितलं, खोटं काहीच नव्हतं त्यात. ऑपरेशन झालं म्हणजे आजार संपला असं तिच्या मनात होतं, आणि रोजची अर्धी गोळी तिच्या लेखी आजार नव्हता, सवय होती, चहासारखी. लहानपणी घसा दुखून ताप आला असणार, सांधे सुजले असणार, त्या वेळी पेनिसिलिन मिळालं नाही आणि झडप आकसत गेली. आपल्या खेड्यापाड्यात ही गोष्ट घरोघर सापडते. पिशवीतून तिनं झडपेचं कार्ड काढून दाखवलं, चित्रा झडप, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेनं बनवलेली, जी माणसाला पहिल्यांदा बसवली १९९० साली. बाहेरच्या देशातली झडप परवडायची नाही अशा माणसांसाठी आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम ते, मला त्या कार्डाकडं बघून फार भरून आलं.

पण झडप कुठलीही असो, धातूची असली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, म्हणून जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी. तिनं कनवटीची एक जुनी कुंकवाची डबी उघडली, आत असेनोकुमारॉलच्या गोळ्यांचे अर्धे तुकडे, सुरीनं केलेले, कडेला जरा चुरा सांडलेला. दोन मिलिग्रॅमची गोळी, अर्धी म्हणजे एक मिलिग्रॅम. सोबत एक पिवळी वही आयएनआरच्या नोंदींची, शेवटची नोंद चार महिन्यांपूर्वीची.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तुमच्या-माझ्यात साधारण एक. तिच्यासारख्या झडपेला तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, खाली गेला तर झडप जाम व्हायची भीती, वर गेला तर रक्तस्राव. इतकी अरुंद पायवाट असलेली औषधं थोडीच असतात. पॅरासिटॅमॉलची एखादी गोळी मागंपुढं झाली तर सहसा बिघडत नाही, इथं पाव गोळीनं फरक पडतो, मेथी-पालक रोज खायला लागलं तरी पडतो, कारण हे औषध व्हिटॅमिन के च्या कामातच अडथळा आणतं आणि त्या व्हिटॅमिनशिवाय लिव्हर रक्त गोठवणारे चार घटक नीट तयार करू शकत नाही.

आता माझ्या त्या बिलात काय झालं होतं बघा. औषधशास्त्रात पहिल्याच वर्षी दोन गोष्टी शिकवतात, शरीर औषधाचं काय करतं आणि औषध शरीराचं काय करतं. मेट्रोनिडाझोलनं पहिल्या बाजूनं घाव घातला. लिव्हरमध्ये २सी९ नावाचं एक एन्झाइम आहे, असेनोकुमारॉलला तोडून बाहेर काढायचं काम बरंचसं त्याचं, मेट्रोनिडाझोल त्याचा हात धरून ठेवतं, मग अर्धीच गोळी अंगात साचत जाऊन एक-दीड गोळीसारखी वागायला लागते. आणि केटोरोलॅकनं दुसऱ्या बाजूनं, ती रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाही, वर पोटाच्या आतलं अस्तर पण सोलते. म्हणजे परीक्षेत ज्या दोन प्रकारांची वेगवेगळी उदाहरणं लिहितात ती दोन्ही एकाच बाईच्या अंगात, मी दिलेल्या एकाच बिलातून.

मी वहीवरच्या दवाखान्याच्या नंबरला फोन लावला, तिसऱ्या वेळी लागला. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले तिन्ही गोळ्या बंद, आजची रक्ताची गोळी पण नको, आत्ताच्या आत्ता कराडला न्या आणि आयएनआर करा. मुलाचा चेहरा पडला, बाजारात भाजी विकायला आणलेली तशीच होती. शेजारच्या रिक्षावाल्याला सांगून भाजी आमच्या गोडाऊनला ठेवली आणि दोघांना जीपमध्ये बसवलं. मी एका कागदावर सगळी औषधं, डोस, तारखा लिहून दिल्या, आणि खाली लिहिलं की ही औषधं माझ्या दुकानातून रोजची गोळी न विचारता दिली गेली. ते लिहिताना हात थरथरला पण लिहिलं, कारण समोरच्या डॉक्टरला खरं कळलं तरच वेळ वाचतो.

दाताच्या डॉक्टरांना पण फोन केला. ते काही क्षण बोललेच नाहीत, मग म्हणाले, मी पण विचारलं नाही हो.

दुपारी दुकान शांत झालं पण माझं लक्ष लागेना. माझ्याकडं शिकायला एक मुलगा येतो, डी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला, तो म्हणाला मॅडम आपल्या कप्प्यात तर ही औषधं शेजारी पण नाहीत, मग कळणार कसं? फार बरोबर बोलला तो. आपण औषधं लावतो कंपनीप्रमाणं किंवा एबीसीडीप्रमाणं. लोक लावतात रंगाप्रमाणं आणि अवयवाप्रमाणं, हृदयाची, गुडघ्याची, "ती पिवळी". कायदा लावतो शेड्यूलप्रमाणं, शेड्यूल एच, एच१, एक्स, म्हणजे चिठ्ठीशिवाय काय द्यायचं नाही, कशाची वेगळी नोंद ठेवायची. आणि जागतिक आरोग्य संघटनेची औषधांचे गट पाडायची जी एटीसी पद्धत आहे, जिचं काम ऑस्लोहून चालतं, तिच्यात चौदा मोठे गट, असेनोकुमारॉल बी गटात रक्ताच्या औषधांमध्ये, आणि मेट्रोनिडाझोलला तर एकापेक्षा जास्त कोड, जंतूंसाठी वेगळा, अमिबासाठी वेगळा. प्रत्येक वर्गीकरण आपापल्या कामाला उत्तम आहे. पण ही दोन औषधं भेटतात लिव्हरमध्ये, आणि लिव्हरचा कप्पा आमच्या दुकानात कुठंच नाही.

त्याला मी नावांची शेपटं ओळखायला शिकवलं त्या दुपारी. नावाच्या शेवटी 'निडाझोल' आलं की मेट्रोनिडाझोलचा भाऊबंद, 'अरॉल' आलं की रक्त पातळ करणारा, 'ओलॉल' आलं की बीटा ब्लॉकर म्हणजे हृदयाचे ठोके हळू करणारा, 'सार्टन' आलं की बीपी. ब्रँड शंभर असू देत, खालचं बारीक अक्षरातलं नाव वाचायचं.

संध्याकाळी साडेसहाला मुलाचा फोन. आयएनआर ८.४. ॲडमिट करून घेतलं. व्हिटॅमिन के दिलं, पण थोडंसंच, कारण भरपूर दिलं तर आकडा एकदम खाली येऊन झडपेवर गुठळी व्हायची. डोक्यात रक्तस्राव नव्हता. मी फोन ठेवला आणि मागच्या खोलीत जाऊन रडले.

त्या रात्री फार्माकोव्हिजिलन्सचा, म्हणजे औषधाचा त्रास झाला तर तो कळवायचा, फॉर्म भरला. औषध बाजारात यायच्या आधी तीन टप्प्यांत तपासतात, पहिल्यात मोजकी, सहसा निरोगी माणसं, दुसऱ्यात काहीशे पेशंट, तिसऱ्यात हजारभर किंवा त्याहून जास्त. पण तिथं माणसं निवडून घेतात, चार-चार औषधं चालू असलेला, झडप बदललेला माणूस बऱ्याचदा बाहेरच ठेवतात. आक्कांसारखी माणसं औषधाला भेटतात ती आमच्या काउंटरवर, म्हणून इथं जे घडतं ते कुणीतरी लिहून कळवायला पाहिजे. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन हे काम बघतं, १८००-१८०-३०२४ या नंबरवर फुकट फोन करून पण सांगता येतं, पेशंट स्वतः सांगू शकतो. औषधविक्रेत्यांनी तरी हे करायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, चूक आपली असली तरी.

आठ-दहा दिवसांनी दोघं आली. आयएनआर २.९. मुलगा म्हणाला, ताई आता नवीन गोळ्या निघाल्यात म्हणे रक्त पातळ करायच्या, तपासणी करायला लागत नाही, त्या का देत नाहीत आईला? चांगला प्रश्न होता. म्हटलं डॅबिगॅट्रान नावाची तशी गोळी धातूच्या झडपेवाल्या लोकांना देऊन बघितली होती, ट्रायल मध्येच थांबवावी लागली, गुठळ्या पण जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण. म्हणून आईला ही जुनीच.

"जुनी म्हंजे किती जुनी?" आक्कांनी विचारलं. मग मी त्यांना गाईंची गोष्ट सांगितली. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत आणि कॅनडात गाई पटापट मरायला लागल्या, शिंग कापलं तरी रक्त थांबायचं नाही. स्वीट क्लोव्हर नावाचा चारा, ओला राहून बुरशी धरलेला, त्यानं व्हायचं ते. १९३३ च्या थंडीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी बर्फातून मेलेली कालवड, तो चारा आणि न गोठलेल्या रक्ताचा कॅन गाडीत घालून मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक आणि त्यांच्या माणसांना त्या चाऱ्यातला नेमका पदार्थ वेगळा करायला १९३९ उजाडलं. त्याचाच एक भाऊ वॉरफरिन, १९४८ ला आधी उंदीर मारायला विकला, आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून. तुमची गोळी त्याच घरातली.

मुलगा उंदराच्या औषधावर अडकला, मी त्याला समजावलं की डोस ठरवतो विष की औषध ते, म्हणून तर ती वही. पण आक्का गप्प होत्या. बुरशी आलेलं वैरण म्हणजे काय हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत, गोठ्यात दोन म्हशी आहेत. थोड्या वेळानं म्हणाल्या, "मग त्या गाई जगल्या का गं?"

म्हटलं चारा वेळेत बंद केला आणि दुसऱ्या निरोगी जनावराचं रक्त दिलं तर जगायच्या.

"आन् त्या शेतकऱ्याच्या?"

मी सांगितलं, त्याला तेच सांगितलं होतं, चारा बदल म्हणून. पण त्याच्याकडं थंडीत दुसरा चाराच नव्हता. आक्कांनी तोंडानं चक् केलं, डबी कनवटीला खोचली, आणि मला म्हणाल्या ह्या डबीवर काहीतरी लिहून दे, मला वाचता येत नाही पण दुसऱ्याला येईल. मी मार्करनं लिहिलं, रक्त पातळ करायची गोळी, हिच्यासोबत कुठलंही औषध विचारल्याशिवाय देऊ नये. झाकण लहान, अक्षरं मावेनात, तेव्हा अर्धं खालच्या बाजूला लिहिलं.