चोक आत ढकलला की बंद

नागपूरला थंडी पडते हे पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगून पटत नाही. मे महिन्यात ४५ अंश ओलांडणारं गाव, पण २०१८ च्या डिसेंबरअखेरीस इथंच पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तेवढी थंडी रोज नसते, पण उत्तरेचा वारा सुटला की पहाटे आठ-नऊ अंश होतातच. आणि नेमक्या अशाच पहाटे मला कॉटन मार्केट गाठावं लागतं. मेडिकल चौकाजवळ माझं डब्यांचं काम आहे, भाजी उजाडायच्या आत यावी लागते, आणि ती आणते बाबांची जुनी टू-स्ट्रोक चेतक स्कूटर.

उन्हाळ्यात ही गाडी पहिल्या किकला सुरू होते. गेल्या हिवाळ्यात मात्र एक ठरलेला प्रकार सुरू झाला. चोक, म्हणजे थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा खटका, ओढला की सुरू, आत ढकलला की बंद. मग चोक ओढूनच धूर सोडत जायचं. परत येताना सगळं ठीक, फक्त सिग्नलला थांबलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडूनही इंजिन भणभणत राहायचं, आवाज खाली यायला वेळ लागायचा.

ज्याला विचारावं तो म्हणे, "थंडी आहे ना ताई, होतेच." मला हे उत्तर मान्य नाही. थंडीचा वाटा असतो, पण तो किती, ते बघावं लागतं. थंड पेट्रोलची वाफ कमी होते. त्यात टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण सरळ सिलिंडरमध्ये जात नाही, आधी क्रँककेसमधून, म्हणजे इंजिनचा फिरता शाफ्ट (क्रँक) असतो त्या खालच्या पेटीतून, फिरून जातं. रात्रभर गारठलेल्या त्या धातूवर पेट्रोलचे थेंब चिकटून बसतात आणि वर पोचतं ते लीन मिश्रण, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. चोक ती तूट भरून काढतो. पण मिनिट-दोन मिनिटांत इंजिन तापलं की त्याची गरज संपायला हवी. संपत नसेल तर दुखणं दुसरीकडे आहे.

चोकबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. या स्कूटरच्या कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, चोक म्हणजे पेट्रोलची वेगळी वाट आहे, आणि ती अ‍ॅक्सिलरेटर बंद असतानाच नीट ओढते. चोक ओढायचा आणि वर अ‍ॅक्सिलरेटर पिळत किक मारायची, म्हणजे चोक ओढून न ओढल्यासारखा. हात मोकळा ठेवा, नुसती किक मारा. गाडी कलती करून सुरू करायची आपली जुनी सवयही त्याच कामाची, कार्बोरेटरमधलं थोडं पेट्रोल आत सांडतं. पण रोजच कलती करावी लागत असेल तर आधी चोक पूर्ण उघडतो का ते तपासा.

पुढे प्लग. किका मारून काढलेला प्लग ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, ठिणगी बघा. प्लग टोपीत घालून इंजिनला टेकवा आणि अंधारात किक मारा. निळी, टणक ठिणगी हवी. पिवळट आणि मरतुकडी असेल तर प्लग, टोपी, पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारा संपर्क), सगळं बघावं लागेल. ओव्हरफ्लो, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन प्लग भिजला असेल तर पेट्रोलचा नळ बंद, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण उघडा आणि किका. माझा प्लग कोरडा होता आणि टोकाला पांढुरका. म्हणजे लीनच.

या लक्षणाचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे पायलट जेट, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असताना पेट्रोल देणारी बारीक भोकाची पितळी नळी, तुंबणं. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने आणि हवेने साफ केला. त्यात तार घालू नये, पितळेचं भोक मोठं होतं. फरक शून्य.

मग सक्करदऱ्याच्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी मिश्रण कमी-जास्त करणारा एअर स्क्रू आत-बाहेर फिरवला, आवाजात काही बदल नाही. एअर फिल्टर काढला आणि चालू इंजिनच्या कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात दाबून धरला. हवा तुटल्यावर इंजिन तिथल्या तिथे बंद पडायला पाहिजे. ते चालतच राहिलं. "कुठून तरी हवा घेऊन राह्यली ना गाडी," एवढंच म्हणाले आणि फ्लायव्हील (इंजिनचं जड चाक) ओढून काढायचं हत्यार, पुलर, बाहेर काढलं.

फ्लायव्हील उतरल्यावर मागे क्रँकचं ऑइल सील दिसलं. त्याची ओठासारखी पातळ कड शाफ्टला बिलगून असायला हवी. ही वाळून कडक झाली होती, नख दाबलं तर रुतेना, आणि एका जागी बारीक चीर. इतक्या वर्षांच्या रबराचं असंच होतं. थंडीत ते आणखी ताठतं आणि फटीतून हवा आत येते. गरम झालं की थोडं मऊ पडतं, म्हणून दोष दुपारी लपतो. सिग्नलवरची ती भणभण हीच त्याची खूण होती.

हे मी इतकं तपशिलात लिहितेय ते थंडीतल्या त्रासापायी नाही. टू-स्ट्रोकचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. फुकटची हवा आत आली की पेट्रोल कमी पडतं, त्याबरोबर ऑइलही. डिसेंबरात ही फक्त सुरू व्हायची तक्रार असते, तेच मे महिन्याच्या दुपारी पिस्टन जाम होण्यापर्यंत जातं. चालत्या गाडीचं मागचं चाक अचानक अडकलं तर माणूस रस्त्यावर पडतो. सीलची किंमत मजुरीपुढेही काही नाही. बदलून घ्याच. क्लचच्या बाजूचं सील गेलं असेल तर खूण वेगळी: पांढरा धूर, तेलकट प्लग, गिअर ऑइल कमी होत जाणं.

थंडी म्हणून टू-टी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं ते) जास्त घालू नका. दोन टक्के, म्हणजे लिटरला २० मिली, पुरे. ऑइल वाढवलं की जेटमधून पेट्रोल तेवढंच कमी जातं आणि प्लग काळा होतो तो वेगळा.

आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि गारठ्यात हे पाणी इथेनॉलसकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसू शकतं. म्हणून हिवाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, आत दमट हवेला जागाच नको. नवीन सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं मागा, मी वायटन नावाच्या तशा रबराचं बसवून घेतलं. आणि संक्रांतीला आठवडाभर गावाला जाणार असाल तर आदल्या दिवशी चालू गाडीचा नळ बंद करा, कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्या.