लाल शाईतला शब्द

क्षयरोग उपचार केंद्रात मी समुपदेशक आहे. निम्मी सकाळ न आलेल्या रुग्णांना फोन करण्यात जाते. त्यांतला एक त्या दिवशी आपणहून आला. नऊ आठवडे गोळ्या बंद होत्या. नोंदवहीत त्याच्या नावापुढे मीच लाल शाईने लिहिलं होतं: डिफॉल्टर.

खिडकीवरच्या सहकाऱ्याने ओरडून सांगितलं, "मॅडम, तुमचा तो डिफॉल्टर आलाय!" रांगेतल्या माना वळल्या. तो आल्या पावली परत निघाला. मी जिन्यापर्यंत धावत गेले.

"कुणाचं कर्ज बुडवलंय का मी?" एवढंच बोलला.

आत बसल्यावर हळूहळू कळलं. दुसऱ्या महिन्यात जेवण जाईना, उलट्या सुरू झाल्या, मग डोळे पिवळे झाले. घराजवळच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवायला सांगितल्या. आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही औषधं यकृताला बाधू शकतात. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हे आम्ही न चुकता सांगतो. पण डोळे पिवळे दिसले तर पुढची गोळी न घेता लगेच या, हे त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. कुणीच म्हणजे मीही नाही. जे आम्ही करायला लावलं असतं तेच त्याने केलं, आणि बुडवा ठरला तो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच 'डिफॉल्टर' हा शब्द व्याख्यांमधून काढला. सलग 2 महिने किंवा जास्त उपचार तुटले, तर रुग्ण 'पाठपुराव्यातून निसटला' असं म्हणायचं. निसटला म्हटलं की कुणाच्या हातून, हे विचारावं लागतं. म्हणूनच तो शब्द आमच्या तोंडी बसत नाही, असं मला वाटतं. 'संशयित'ही तेव्हाच गेला. आम्ही मात्र खोकला घेऊन आलेल्या माणसाला अजून तेच म्हणतो. पोलीस वापरतात तो शब्द! सहकाऱ्यावर मी चिडले खरी, पण त्याने तो शब्द उचलला होता माझ्या वहीतून.

यकृताची आणि थुंकीची तपासणी लिहून दिली. यकृत सावरलेलं असेल तर डॉक्टर औषधं एकेक करून पुन्हा सुरू करतील, हे समजावलं. मग त्याच्यासमोर लाल शब्द खोडून लिहिलं, 'कावीळ झाल्याने गोळ्या थांबवल्या.'

त्याने वही स्वतःकडे वळवून वाचलं. म्हणाला, "थांबवाव्या लागल्या, असं लिहा."

तसं लिहिलं.