मला एक आवाज दिसतोय

हॉल बंद झाला तेव्हा माझ्या हातात १४ मुलांची यादी होती, आणि शेक्सपिअरचं 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम' बसवायचं ठरलेलं होतं. २०२० चा एप्रिल. मुलं १३ ते १७ वयाची. त्यातली पाच आधीच्या शिबिरातली, माझ्या ओळखीची. बाकी नऊ जणांना मी कधी पाहिलेलंही नव्हतं. या वर्षी राहू दे, असंच सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, आठवडाभर व्हिडिओ कॉलवर वाचन करून बघू, नाहीच जमलं तर थांबू.

थांबवेना, त्याला कारण हे नाटकच. त्यात राजा आहे, पऱ्या आहेत, रानात वाट चुकलेले चार प्रेमी आहेत, पण माझा जीव आहे तो त्यातल्या सहा कारागिरांवर. सुतार, विणकर, शिंपी असली ही माणसं दिवसभर राबून रात्री रानात जमतात आणि राजाच्या लग्नासाठी एक नाटक बसवतात. त्यांच्याकडे रंगमंच नाही. चांदणं कुठून आणायचं, भिंत कशी उभी करायची, यावर त्यांची गंभीर चर्चा चालते. शेवटी ठरतं, की एक माणूसच चंद्र होईल आणि एक माणूसच भिंत होईल. हॉल नसलेल्या आम्हाला यापेक्षा जवळचं नाटक कुठून मिळणार होतं?

पहिला आठवडा वाईट गेला. पहिल्याच प्रवेशात चार प्रेमींपैकी लायसँडर आणि हर्मिया एकेका ओळीनं बोलतात. त्यानं एक ओळ टाकायची, तिनं ती पडायच्या आत उचलायची. कॉलवर ती ओळ पडतच राहायची. ती बोलली की दोघांच्या मध्ये एक भोक पडायचं, आणि ते बुजवायला दोघं एकदमच बोलायचे. दोघं एकदम बोलले की कॉल त्यातला एकच आवाज ठेवायचा आणि दुसरा गिळायचा. ध्वनीचं काम बघणारा मुलगा दुसऱ्या दिवशी सगळं वाचून आला. माणसं समोरासमोर गप्पा मारतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी साधारण २०० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दूरध्वनीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत आवाज एका बाजूनं दुसरीकडे पोचायला १५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागला तरी चालतो असं धरलेलं आहे. "ताई, म्हणजे जायला दीडशे आणि यायला दीडशे. आपला पॉज तिथेच संपला," तो म्हणाला. माझी निम्मी चिंता त्यानं दूर केली, कारण तोवर मला वाटत होतं की मुलांनाच लय नाही.

पऱ्यांची राणी टायटानिया, तिला निजवायचं पऱ्यांचं गाणं समूहात म्हणणं तर अशक्यच होतं. एकीचा माइक चालू ठेवला आणि बाकीच्यांचे बंद. प्रत्येकीनं आपापल्या घरी तिच्याबरोबर गायचं. प्रत्येकीला स्वतःचा सूर त्या एका आवाजाशी जुळलेला ऐकू यायचा. मला मात्र एकच आवाज आणि हलणारे चार जणींचे ओठ. पण ते चेहरे खरंच गाणाऱ्या माणसांचे होते, आणि ते दिसत होतं.

मुलांच्या डोळ्यांकडे माझं लक्ष दुसऱ्या आठवड्यात गेलं. बोलणाऱ्याचं सोडा, जो ऐकायला हवा होता त्याचे डोळे डावीकडून उजवीकडे सरकत होते. प्रत्येकानं स्क्रीनच्या एका कोपऱ्यात संहिता उघडलेली होती आणि समोरचा काय म्हणतोय ते तो ऐकत नव्हता, पुढे वाचत होता. आपली ओळ आली की म्हणायची आणि पुन्हा वाचायला लागायचं. मी इतके दिवस विलंबाला दोष देत होते. खरं तर समोरच्याचं बोलणं कुणाला हवंच नव्हतं, सगळं आधीच हातात होतं.

शेक्सपिअरच्या काळात नटाला अख्खं नाटक हातात मिळत नसे. प्रती हातानं उतरवाव्या लागत, त्याला वेळ आणि पैसा लागे, आणि संहिता बाहेर फुटू नये हीही काळजी होती. म्हणून प्रत्येकाला फक्त त्याची वाक्यं आणि प्रत्येक वाक्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे क्यू, एवढंच दिलं जाई. कागद एकाला एक चिकटवून त्याची गुंडाळी करत. इंग्रजीत भूमिकेला रोल म्हणतात ते त्या गुंडाळीवरूनच. एडवर्ड ॲलन या नटाची अशी एक गुंडाळी लंडनच्या डलिच कॉलेजात जपून ठेवलेली आहे. रॉबर्ट ग्रीनच्या नाटकातली ओर्लांडोची भूमिका आहे ती. आपले शब्द कधी येणार, समोरून किती वेळ बोललं जाणार, कोण बोलणार, यातलं त्या कागदावर काहीच नाही. नटाला कान उघडे ठेवण्यावाचून गत्यंतर नसणार.

मी मराठी मसुदा अंकाअंकानं पाठवत होते आणि तिसरा अंक अजून कुणालाच मिळालेला नव्हता. तो मी तोडून पाठवला. प्रत्येकाला त्याचीच वाक्यं, आधी तीन शब्दांचा क्यू, बस्स. दोन रात्री त्यात गेल्या. मुलं खवळली. "ताई, मला कोण बोलतंय तेच कळत नाही." "ताई, माझ्या कागदावर नुसतं 'अरेरे' आहे." मी उत्तर दिलं नाही.

त्या संध्याकाळची तालीम मी विसरणार नाही. दिसत होते ते सगळे चेहरे पडद्याकडे झुकलेले होते. कुणाचेही डोळे सरकत नव्हते. चार प्रेमींतली दुसरी मुलगी हेलेना रडत रडत बोलत होती आणि हर्मियाच्या चेहऱ्यावर एकेक शब्द उमटत होता, कारण तिनं तो पहिल्यांदाच ऐकला होता. विलंब तसाच होता, पण आता त्या भोकात काहीतरी होतं. ती वाट बघत होती, आणि वाट बघणारा चेहरा बघायला मला कितीही वेळ चालतो. त्याच अंकात कारागिरांच्या तालमीत सुतार फ्लूट नावाच्या कारागिरावर ओरडतो, की तू तुझं सगळं एकदम बोलून टाकलंस, क्यूसकट! सुताराचं काम करणाऱ्या मुलानं ते वाक्य म्हटलं, थांबला, हातातला कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाला, "ताई, म्हणजे त्यांच्याकडेपण हेच होतं?" चारशे वर्षांपूर्वीचा विनोद तिथं, आमच्यासमोर उलगडला.

पुढच्या गोष्टी एकेक करत सुटत गेल्या. 'डावीकडे बघ' म्हणून उपयोग नव्हता, कारण प्रत्येकाच्या पडद्यावर चौकटी वेगळ्याच क्रमानं लागलेल्या. मग कुणाकडे बघायचं त्यासाठी घरातल्या वस्तू ठरल्या. चौथा प्रेमी डिमिट्रियस, त्याचं प्रेम खिडकीच्या कडीवर होतं आणि राग कपाटावर. एन्ट्रीसाठी कॅमेरा चालू केला तर चित्र यायला वेळ लागायचा, म्हणून कॅमेरा चालूच ठेवून भिंगावर तळहात ठेवायचा आणि क्यूवर तो काढायचा, असं ठरलं. झोपलेल्या लायसँडरच्या डोळ्यांत पऱ्यांच्या राजाचा खोडकर सेवक पक फुलाचा रस पिळतो तेव्हा पकनं त्याच्या घरी फूल भिंगासमोर चुरगाळायचं आणि इकडे लायसँडरच्या आजीनं चौकटीबाहेरून त्याच्या पापण्यांवर पाण्याचे दोन थेंब सोडायचे. आजी एकाही तालमीला चुकल्या नाहीत. क्यू त्यांनाच सगळ्यांत आधी पाठ झाला.

आमचं खातं मोफतचं, त्यामुळे दर ४० मिनिटांनी कॉल तुटायचा. पऱ्यांचा राजा ओबेरॉन पकला फूल आणायला पाठवतो तेव्हा पक म्हणतो, "चाळीस मिनिटांत पृथ्वीच्या कमरेला करगोटा बांधून येतो!" मूळ नाटकातही आकडा चाळीसच आहे. हे कळल्यावर पक करणारी मुलगी कॉल तुटायच्या बेतात आला की हे वाक्य ओरडायची, आणि सगळे नव्या दुव्याकडे पळायचे. एका कॉलमध्ये काय काय बसतं याचा अंदाज मला पहिल्यांदा त्यामुळे आला. एरवी मी हॉलमध्ये तीन तास तालीम घेते आणि त्यातला एक तास कुठं जातो ते आता मला माहीत आहे.

एक संध्याकाळ मात्र आम्ही काहीच बसवलं नाही. दुसऱ्या अंकात टायटानियाचं लांब भाषण आहे. ऋतू एकमेकांत मिसळलेत, धुक्यातून रोग पसरतायत, मैदानावर आखलेला खेळाचा पट चिखलानं भरून गेलाय. शेक्सपिअरनं हे नाटक १५९५-९६ च्या सुमाराला लिहिलं असं धरतात, आणि त्याच्या जरा आधी, १५९२ ते ९४ मध्ये, प्लेगमुळे लंडनची नाटकगृहं बराच काळ बंद होती. मी मुलांना एवढंच सांगितलं. टायटानियानं भाषण म्हटलं. त्यानंतर कुणी माइक चालू केला नाही. सगळ्यांत लहान परीनं एकदा विचारलं, "मग ती परत उघडली ना?" उघडली, मी म्हटलं.

आता फ्लूट. भाते दुरुस्त करणारा हा पोरगा कारागिरांच्या नाटकात थिस्बी होतो. आमच्या फ्लूटचं नेट इतकं क्षीण होतं की त्यानं व्हिडिओ लावला की आवाज जायचा. पहिल्या दिवसापासून त्याची चौकट काळी. नवीन मुलगा, बुजरा, १३ वर्षांचा. त्याला दुसरं काम देऊ का, असं मी एकदा विचारलंही. तो म्हणाला, "नको ताई, मला ऐकू येतंय सगळं." 

पाचव्या अंकात कारागिरांच्या नाटकातले प्रेमी, पिरॅमस आणि थिस्बी, भिंतीच्या फटीतून बोलतात. भिंत म्हणजे स्नाउट नावाचा कारागीर, आणि फट म्हणजे त्याच्या दोन बोटांमधली जागा. कॉलवर ते कसं दाखवायचं यावर आम्ही आठवडाभर खटपट केली. एकदा कंटाळून मी म्हटलं, सगळे कॅमेरे झाका, फक्त भिंत राहू दे. सगळ्यांनी भिंतीची चौकट मोठी करून ठेवली. पडदाभर दोन बोटं, त्यांच्यामध्ये थोडा उजेड, बाकी काही नाही. थिस्बीचा आवाज आला. आणि विणकर बॉटम, जो पिरॅमस झाला होता, त्यानं त्याची ओळ घेतली. मूळ नाटकातली ही गंमतच आहे, गडबडीत तो इंद्रियांची अदलाबदल करतो: "मला एक आवाज दिसतोय! फटीपाशी जातो, माझ्या थिस्बीचा चेहरा ऐकू येतो का बघतो."

आतापर्यंत आम्ही या ओळीला हसत आलो होतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही. दोन महिने आम्ही सगळे त्या मुलाचा आवाज बघत होतो आणि चेहरा ऐकत होतो. बॉटमनं ती ओळ इतकी हळू म्हटली की स्नाउटची बोटं थरथरली, आणि फटीतला उजेड हलला. ऑगस्टमध्ये घरच्यांसाठी ऑनलाइन प्रयोग केला तेव्हा ते तसंच ठेवलं. कारागिरांच्या त्या नाटकात प्रेक्षकांनी हसायचं असतं, हे मला माहीत आहे. भरपूर हसलेही लोक, पुढच्या सिंहाला आणि चंद्राला. या एका ओळीला नाही, आणि मला तेच हवं होतं.

हॉल फेब्रुवारी २०२१ मध्ये मिळाला. दाराशी एक सडसडीत मुलगा चप्पल काढत उभा होता. "आलास का?" एवढंच मी विचारलं आणि तो "हो ताई" म्हणाला, तशी सहा-सात जणं एकदम वळली. फ्लूट!

आणि मग हर्मिया आणि हेलेना शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

तिसऱ्या अंकातलं त्यांचं भांडण उंचीवरच आहे. हर्मिया बुटकी, हेलेना उंच, आणि चिडलेली हर्मिया हेलेनाला रंगवलेला खांब म्हणते. कॉलवर सगळ्यांची डोकी एकाच मापाची, म्हणून आम्ही हर्मियाचा कॅमेरा कपाटावर ठेवला होता, तिला मान वर करून बोलावं लागे. हेलेनाचा जमिनीवर. महिनोन् महिने आम्ही तसंच बघितलं आणि मलाही ते खरंच वाटायला लागलं होतं. हॉलमध्ये हर्मिया हेलेनापेक्षा चांगली चार बोटं उंच निघाली. आधीपासूनच होती की मधल्या महिन्यांत वाढली, ते तिलाही सांगता येईना.

मी उंच टाचा, स्टूल, पायऱ्या असा काहीबाही विचार करत होते. तेवढ्यात दोघींनी आपापसात काहीतरी बोलून जागा बदलल्या. मी म्हटलं, अगं, पण तुमच्याकडे एकमेकींची वाक्यंच नाहीत. खरंच नव्हती. कागदावर प्रत्येकीकडे फक्त स्वतःची वाक्यं आणि दुसरीचे तीन-तीन शब्द.

"ऐकलीयत ना," दोघींतली एक म्हणाली.

त्यांनी सुरुवात केली. अख्खा प्रवेश, हातात कागद न घेता. आतापर्यंत हर्मिया असलेली ती उंच मुलगी आता हेलेना होऊन रडत होती, आणि रडण्याचा सूर तिचा स्वतःचा होता, ऐकलेला नव्हे. दोघी एकमेकींपासून हातभर अंतरावर होत्या. आता मध्ये विलंब नव्हता. तरी प्रत्येक क्यूनंतर, ओळ घ्यायच्या आधी, दोघीही अर्धा श्वास थांबत होत्या. मी त्यांना ते सोडायला सांगितलं नाही.