क्रेडिट कार्डाची थकबाकी मी पतसंस्थेचं कर्ज काढून फेडली

आईच्या शस्त्रक्रियेला विमा कमी पडला आणि उरलेले पैसे मी क्रेडिट कार्डावर भरले. थकबाकी 1,80,000 रुपये. स्टेटमेंटवर किमान रक्कम 9,000 यायची. ती मी सुरुवातीला वेळेवर भरायचे, तरी थकबाकी जागची हलेना.

पुण्यात आमच्या धनकवडीच्या बिल्डिंगमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी वहीच्या पानावर हिशोब मांडला. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज 6,300 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी, 1,134 रुपये. म्हणजे 9,000 पैकी 7,434 रुपये व्याजात आणि करातच जातात, मुद्दल कमी होते फक्त 1,566 रुपयांनी. शिवाय मागची बाकी असेपर्यंत नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

"अगं, वर्षाचे बेचाळीस टक्के झाले हे. आधी कार्ड वापरणं बंद कर, मग पुढचं बघू," काका म्हणाले. दर फार आहे म्हणून भांडू का, असं मी विचारलं. 30 टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये रद्द केला आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नकोस, असं त्यांनी सांगितलं.

बँकेने थकबाकीचे हप्ते पाडून द्यायची तयारी दाखवली, पण 18 टक्क्यांनी. मग काकांनीच विचारलं, "तुमच्या कंपनीत पगारदारांची पतसंस्था असेल ना?" होती. माझ्या पगारातून दरमहा वर्गणी कापली जात होती, पण ती आपली बचत आहे एवढंच मला माहीत होतं. तिथे 11 टक्क्यांनी, घटत्या शिल्लकीवर (म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज), 3 वर्षांसाठी कर्ज मिळत होतं. हप्ता साधारण 5,900 रुपये, तोही थेट पगारातून. कार्डाच्या किमान रकमेपेक्षा 3,000 रुपये कमी आणि फिटायची तारीख ठरलेली.

सगळ्यात अवघड गेलं ते जामीनदार मिळवणं. दोन लागत होते, दोघेही सभासद. कर्ज कशासाठी हवं ते सांगावं लागणार, म्हणून मी स्टेटमेंट सोबत नेलं आणि काही न लपवता दाखवलं. एका ताई आधीच दोघांना जामीन होत्या, आमच्या संस्थेच्या नियमाने त्यांना आणखी राहता येत नव्हतं, तर त्यांनीच त्यांच्या विभागातल्या दादांना विचारून दिलं. माझा हप्ता थकला तर आपल्या पगारातून कापला जाणार, हे माहीत असून दोन्ही जामीनदारांनी सह्या केल्या. माझ्यासाठी या व्यवहारातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

पैसे भरण्याआधी बँकेकडून त्या दिवसाची पूर्ण रक्कम लेखी मागून घ्या. व्याज रोज चढतं, त्यामुळे स्टेटमेंटवरचा आकडा भरला तरी पुढच्या महिन्यात थोडी बाकी निघते. नंतर ईमेलवर कार्ड बंद करण्याची विनंती करा. बाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 7 कामाच्या दिवसांत ते बंद व्हायला हवं, उशीर झाला तर दिवसाला 500 रुपये दंड तुम्हाला मिळतो. थकबाकी नसल्याचं पत्र घ्याच.

मधल्या काळात रक्कम कमी करून तडजोड करायचा प्रस्तावही आला होता. मी नाकारला. तशी तडजोड केली की क्रेडिट अहवालात 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढच्या कर्जाला आडवा येतो. पूर्ण भरलं तर 'क्लोज्ड'. ज्यांना पूर्ण भरणं शक्यच नाही, त्यांनी मात्र तडजोडीला नाही म्हणू नये.

वसुलीचे फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 याच वेळेत करता येतात. मला रात्री आले. वेळ लिहून बँकेच्या तक्रार विभागाला पाठवल्यावर थांबले. 30 दिवसांत बँकेचं उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

पतसंस्था नसेल आणि बँकेची नोटीस आली असेल, तर पुण्यात शिवाजीनगर कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी लागत नाही, पण त्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आकडा मान्य असेल तरच सही करा.