ऑइल-कूल्ड वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर पुन्हा चालू करताना: माझा अनुभव

गोव्यात झुआरी नदीकाठी, जिथे बार्जदुरुस्तीची कामे चालतात, तिथल्या खाऱ्या हवेत इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन फार टिकत नाही. त्याचा पंखा मीठ आणि ग्राइंडरची लोखंडी धूळ आत ओढतो, ती बोर्डावर बसते, पावसाळ्यात ओल धरते आणि आयजीबीटी (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट होतात. म्हणून शेडमध्ये बंद पडलेला तांब्याच्या वाइंडिंगचा जुना ट्रान्सफॉर्मर मी भंगारात न देता उघडायला घेतला.

मेन बंद करून इनपुट केबल सोडवली आणि तेलाचा नमुना तळाच्या कॉकमधून घेतला. पाणी तेलापेक्षा जड असते, वरचा नमुना फसवतो. चाचणीत दोन इलेक्ट्रोडमधल्या 2.5 मिमी अंतरावर 30 किलोव्होल्टही न पेलणारे तेल मी ठेवत नाही. हे तर काळे पडले होते, सगळेच बदलले. फार जुन्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते, तेव्हा हातमोजे घाला आणि ते तेल व्हाळात किंवा गटारात मुळीच ओतू नका.

मग 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारे मीटर, लावला. प्रायमरी (मेनकडच्या) आणि सेकंडरी (वेल्डिंगकडच्या) वाइंडिंगमध्ये किमान 5 मेगाओहम हवेत, प्रत्येक वाइंडिंग आणि बॉडीमध्ये किमान 2.5. इथे आकडा बराच खाली होता, पण तेवढ्यावरून वाइंडिंग जळली असे ठरत नाही. नुसती ओल असली तरी मेगर असाच पडतो. जळलेल्या वाइंडिंगला उग्र वास येतो, तिची टेप नखाने चुरते. ही टेप शाबूत होती.

चेन-ब्लॉकने वाइंडिंगसकट कोअर (लोखंडी गाभा) उचलून गाळ ताज्या ट्रान्सफॉर्मर तेलानेच धुतला. रॉकेल किंवा डिझेल वापरू नका. थोडेसे आत राहिले तरी तेलाचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला त्याची वाफ पेट घेऊ शकते तो) उतरतो. सैल टर्मिनल, केबलच्या टोकाचे जुने लग आणि गॅस्केट बदलले.

खरी कसोटी वाळवण्यात. पत्र्याच्या पेटीत कोअर ठेवून गरम हवा 80–90 अंशांवर राखली आणि अधूनमधून मेगर घेत राहिलो. सुरुवातीला आकडा आणखी उतरतो, कारण ताप चढला की इन्सुलेशनचा रोध कमी होतो आणि आतली ओल बाहेर येऊ लागते. इथेच घाबरून बरेच जण काम सोडतात. पुढे आकडा चढतो. तेच तापमान असताना तो बराच वेळ स्थिर राहिला की वाळले समजावे. कोअर कोमट असतानाच तेल भरले, बुडबुडे निघायला रात्रभर ठेवले आणि पुन्हा मेगर घेतला.

आता हे मशीन शेडमध्ये 4 मिमीच्या 6013 जातीच्या वेल्डिंग रॉडवर 160 अँपिअरला जाड पट्ट्या जोडते. बार्जच्या होल्डमध्ये (मालाच्या बंदिस्त पोटात) मात्र ते नेत नाही. तशा ओल्या, अडचणीच्या जागी एसी मशीनचे ओपन सर्किट व्होल्टेज (आर्क पेटलेला नसताना रॉडवर असणारे) 48 च्या वर चालत नाही आणि याचे 75 आहे. घामाने भिजलेल्या हातमोज्यांतून तेवढा झटका जीव घेऊ शकतो. तिथे व्हीआरडी (वेल्डिंग थांबताच व्होल्टेज उतरवणारी सोय) असलेला डीसी इन्व्हर्टरच न्यावा आणि काम संपल्यावर तो कोरड्या कपाटात ठेवावा.