पासाऊची रेघ, सांगलीची भिंत

सांगली, गुढीपाडव्याचा दुसरा दिवस

जर्मनीत हिवाळी सेमिस्टर संपलं की एप्रिलच्या मध्यापर्यंत वर्ग भरत नाहीत. परीक्षा आटोपल्या तेव्हाच ठरवून टाकलं होतं, आधी डॅन्यूबच्या काठाकाठानं आत्याकडे व्हिएन्नाला जायचं आणि पाडव्याला घरी यायचं. वर्गातल्या मुली स्पेनला ऊन खायला गेल्या. मला नदी बघायची होती.

पासाऊ हे ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं गाव. तिथं डॅन्यूबला एका बाजूनं इन मिळते आणि दुसऱ्या बाजूनं इल्झ. इन आल्प्समधून येते, तिचं पाणी हिरवट, दुधाळ. इल्झ दलदलीच्या जंगलातून येते म्हणून काळसर. गावाच्या टोकाला उभं राहिलं की हे रंग बऱ्याच अंतरापर्यंत शेजारी शेजारी वाहताना दिसतात. हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावरून वारणा कृष्णेला मिळताना लहानपणापासून बघितलीय, त्यामुळे तिथून माझा पाय निघेना. तिथल्या कॅथेड्रलमधला १७,९७४ नळ्यांचा ऑर्गन प्रसिद्ध आहे, तो बघायचा राहिलाच.

सगळ्यात जास्त वेळ मी थांबले ती जुन्या टाउन हॉलच्या भिंतीपाशी. नदीकडच्या त्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत, प्रत्येक रेघेशेजारी साल. १९५४ ची रेघ माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. तिच्याही वर २०१३ ची, त्या जूनमध्ये पाणी १२.८९ मीटरवर गेलं होतं. आणि सगळ्यात वर १५०१ ची. म्हणजे आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून सव्वाशे वर्षं होती, तेव्हा कुठवर पाणी आलं होतं ते त्या गावातलं शाळकरी पोर आजही बोटानं दाखवू शकतं. २०१३ च्या पुरानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी फेसबुकवरून माणसं जमवून गावातला चिखल काढला होता. ते वाचताना मला सांगलीच्या पुराचा २०१९ चा आपला ऑगस्ट आठवला. गावोगावाहून बांधून आलेल्या भाकरी आठवल्या, आणि कुठल्या कुठल्या गावची पोरं फावडी घेऊन गल्लीत उतरली होती ती.

आत्या गावभागातल्या याच घरात वाढलेली. व्हिएन्नात इतकी वर्षं काढूनही पावसाळ्यात फोन केला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आयर्विनला किती फूट?" आयर्विन म्हणजे सांगलीतला कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात. तिनं मला राजवाडे दाखवले, पण मन लावून दाखवलं ते डोनाउइन्सेल, डॅन्यूबमधलं माणसांनी केलेलं बेट. १९५४ चा पूर व्हिएन्नालाही बसला होता. त्यानंतर विचार, वाद, नकाशे असं करत १९६९ ला निर्णय झाला, १९७२ ला काम सुरू झालं आणि १९८८ ला संपलं. मूळ नदीला समांतर दुसरा प्रवाह खणला. खणलेल्या मातीचं २१ किलोमीटर लांबीचं बेट झालं. एरवी त्या नव्या प्रवाहात लोक पोहतात, बेटावर सायकली चालवतात. पूर आला की दारं उघडतात आणि जादाचं पाणी तिकडून काढून देतात. आत्या रेलिंगला टेकून म्हणाली, "पूर येऊन गेल्यावर चौतीस वर्षं हे लोक तो विसरले नाहीत बघ."

कृष्णेला असा दुसरा प्रवाह खणा असं मी म्हणणार नाही. आपली नदी वेगळी, वळणं घेत सपाट काळ्या रानातून जाणारी. कोयनेच्या पाणलोटातला पाऊस वेगळा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद वेगळा. पण विसरायचं नाही, एवढं तरी आपल्याला जमण्यासारखं आहे असं मला मनापासून वाटतं.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं पहाटे उतरले. काका स्टेशनवर आलेच होते. येताना मार्केट यार्डाकडून हळदीचा वास आला आणि घरी आल्याची खात्री पटली. पाडव्याला गुढी, कडुलिंब, गाठी, पुरणपोळी, कटाची आमटी, सगळं यथासांग झालं. दुपारी सगळे लवंडले तेव्हा मी स्वयंपाकघराच्या भिंतीकडे बघत बसले. दिवाळीत रंग दिलाय, फिकट पिस्ता. त्या रंगाखाली २००५ ची रेघ आहे, २०१९ ची आहे, २०२१ ची आहे. दरवेळी चिखल खरवडायचा, भिंत वाळली की पुट्टी भरायची आणि रंग मारायचा. गल्लीतल्या घराघरात हेच.

मी पासाऊचे फोटो दाखवले आणि म्हटलं, आपणही रेघा काढू या. काका आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "रेघ दिसली की घराची किंमत पडते. वरच्या खोलीला भाडेकरू मिळंना झालाय, त्यात तू भिंतीवर लिहून ठेव." त्यांचं खोटं नाही. मारुती चौकाच्या आसपास घर म्हटलं की लोक आधी पाण्याचं विचारतात. इथं राहून कर्ज फेडणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा येणाऱ्या पुतणीनं काय सांगायचं? मी गप्प बसले.

तोड काकूनं काढली. "समोरच्या भिंतीवर नको. फळीमागं काढा, आपल्याला दिसली म्हणजे झालं."

मग आजी उठली. तिला फूट-मीटर लागत नाहीत. २००५ ला खिडकीच्या कठड्याला पाणी लागलं होतं. २०१९ ला देवांच्या कोनाड्यात शिरलं, तिथं तिनं बोट टेकवलं. तेव्हा आयर्विनवर ५७ फुटांच्या वर आकडा गेला होता आणि आम्ही सगळे विश्रामबागला मावशीकडे होतो. आजीची ट्रंक खालीच राहिली होती. त्यातली आजोबांची पत्रं तिनं नंतर गच्चीवर एकेक करून वाळत घातली, शाई गेलेली तरी. हे तिनं काल पहिल्यांदाच मला सांगितलं, बोट कोनाड्यावर तसंच ठेवून. काकांनी काही न बोलता टेप आणली आणि जमिनीपासून माप घेतलं. ऑइलपेंट माळ्यावर होताच. दोन रेघा झाल्या, शेजारी सालं घातली. हरिपूरच्या पेवांमधली, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांमधली, हळद २००५ ला कशी गेली, कुणाची किती पेवं बुडाली, हे काका ब्रश धरून बराच वेळ सांगत होते. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

अडलं ते २०२१ वर. काका म्हणतात २००५ पेक्षा खाली होतं, काकू म्हणते चार बोटं वर. शेवटी काकांच्या मोबाइलमध्ये पाणी उतरतानाचा फोटो निघाला. त्यात फ्रिजच्या दारावर, हँडलच्या जरा खाली, चिखलाची रेघ स्पष्ट दिसते. फ्रिज तेव्हाच भंगारात गेला, त्यामुळे माप घ्यायचं कशावर? हँडल किती उंचीवर होतं ते नेटवर शोधायचं काम माझ्याकडे आलंय. मॉडेल नंबर काकूला अजून पाठ आहे, हप्ते फेडले होते ना त्याचे.