यादीच ते शे

मानसशास्त्राच्या माझ्या रिपोर्टची संदर्भसूची वर्गमित्राला हवी होती. दुपारी त्याचा मेसेज आला, "यादीच ते शे भो, धाडी दे." यादीच तर आहे, पाठवून दे! तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. यादीच!

त्याचा रिपोर्ट परीक्षेच्या ताणावर, माझा स्मृतीवर. माझी संदर्भसूची त्याच्या काय कामाची? म्हणे सर शेवटचं पान उघडून नावं किती तेवढंच बघतात. बघत असतीलही. पण जे मजकुरात आलं तेच सूचीत, आणि सूचीत आहे ते मजकुरात हवंच, हा एपीएचा, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनपद्धतीचा, साधा नियम.

लॉफ्टस आणि पामर, १९७४. साक्षीदारांच्या स्मृतीवरचा लेख, सूचीत एक नोंद. पाठ्यपुस्तकात एवढंच होतं की प्रश्नातला शब्द बदलला की साक्षीदाराची आठवण बदलते. मूळ लेख काढला तेव्हा दुसरा प्रयोग नीट कळला. अपघाताची फिल्म दाखवली, आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? काच नव्हतीच. आधी 'गाड्यांचा चक्काचूर झाला तेव्हा वेग किती होता' असं विचारलेल्या ५० पैकी १६ जण हो म्हणाले. 'धडकल्या तेव्हा' विचारलेल्यांत ७. आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्या ५० जणांतही ६! त्या सहाजणांपाशी मी कितीतरी वेळ अडकलो. माझी प्रश्नावली त्यामुळेच बदलली. ही यादी?

स्मृतीवर काम करणाऱ्या बार्टलेटचं १९३२चं पुस्तक लायब्ररीत नाही. म्हणून मजकुरात 'अमुक ग्रंथात उद्धृत' आणि सूचीत फक्त तो ग्रंथ. एवढं मोठं नाव सूचीतून गेलं, जीव हळहळला. पण वाचलं नाही ते वाचलं म्हणून कसं लिहू?

आणि हे सगळं बघणार कोण? व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, दहा मिनिटांत उरकेल. घरी बोललो असतो, पण आप्पांचं डोकं सध्या कपाशीत. जाऊ दे.

संध्याकाळी मेसवर तो समोरच बसला. शेवभाजीत भाकरी कुस्करता कुस्करता सांगत होता, थोडा ताण असला की पेपर चांगला जातो, यर्क्स आणि डॉडसन, १९०८, सगळेच लिहितात. त्याचा राग कसा करायचा? सूची कशासाठी असते ते त्याला कुणी सांगितलंच नाही. मला तरी कुठे आपोआप कळलं होतं.

यादी नाही दिली. तो १९०८चा लेख नेटवर फुकट आहे, त्याची लिंक दिली. रात्री साडेदहाला दारावर थाप. हातात मोबाईल, डोळे मोठे.

"अरे, हाऊ ते उंदरांवरचा प्रयोग शे! शॉक दिधा त्यास्ले!"

मग दोघं बसलो, पहिल्या पानापासून.